डेस्कटॉप सुरूच होत नाही? वीज नेमकी कुठे अडली ते असं शोधा

पॉवर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते एसएमपीएसचं, म्हणजे भिंतीतली (मेन्सची) वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणाऱ्या डब्याचं. तो बदलूनही कॉम्प्युटर ढिम्म राहिला, की मग मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डवर, संशय जातो. असा अंदाजपंचे एकेक भाग बदलत गेलं की खर्च वाढत जातो आणि मूळ दोष एखाद्या सैल वायरमध्ये तसाच राहतो. भिंतीतल्या सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत विजेचा रस्ता ठरलेला आहे. त्यावर मोजकेच थांबे आहेत आणि प्रत्येक थांब्यावर वीज पोचली की नाही, हे थोड्या साधनांनी तपासता येतं. म्हणून एकही भाग विकत घेण्याआधी वीज कुठपर्यंत येते आहे ते शोधा.

डेटाची काळजी वाटत असेल तर एवढं लक्षात असू द्या: मशीन सुरू होत नाही म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी गेली असं नाही. विजेचा दोष बहुतेक वेळा डिस्कच्या अलीकडेच असतो आणि फाइली जिथल्या तिथे असतात. त्यामुळे घाई करू नका.

आधी लक्षण नीट ओळखा

"सुरू होत नाही" या तीन शब्दांत निरनिराळे दोष दडलेले असतात. कॅबिनेट उघडण्याआधी बटण एकदा दाबून पाहा. कान देऊन ऐका, पंख्यांकडे आणि दिव्यांकडे बघा.

बटण दाबल्यावर आवाज नाही, दिवा नाही, पंखा जागचा हलत नाही, अशी स्थिती असेल तर मशीन पूर्ण डेड आहे. अशा वेळी वीज मदरबोर्डपर्यंत पोचत नाही किंवा सुरू होण्याचा इशारा एसएमपीएसला मिळत नाही. पंखा अर्धा फेरा फिरून लगेच थांबत असेल तर वीज येते आहे, पण कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आहे. पंखे व्यवस्थित फिरतात पण स्क्रीनवर काही येत नाही, तेव्हा दोष विजेचा नसून रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा बायोसचा (मशीन सुरू करून देणाऱ्या, बोर्डवरच्या मूळ प्रोग्रामचा) असण्याची शक्यता जास्त. आणि मशीन काही सेकंद चालून बंद पडत असेल, तर प्रोसेसरचा कूलर आणि कमकुवत झालेला एसएमपीएस हे दोन पहिले संशयित.

हे लक्षण कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या वेळी मशीन कसं बंद झालं तेही लिहा. लाइट गेली होती का, वीज कडाडली होती का, नवीन रॅम बसवली होती का, कॅबिनेट हलवलं होतं का? कॅबिनेट उचलून दुसरीकडे ठेवल्यावर बंद पडलेल्या मशीनमध्ये बहुधा काहीतरी सैल झालेलं असतं. वादळी पावसानंतर बंद पडलेल्या मशीनमध्ये मात्र एसएमपीएसवर लवकर लक्ष द्यावं लागतं.

सुरक्षिततेबद्दल

कॅबिनेटच्या आत हात घालण्याआधी मागची पॉवर केबल उपसून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटं असेल तर स्विच बंद असूनही केबलमध्ये वीज राहू शकते. केबल काढल्यावर कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. काम चालू असताना हे अधूनमधून करत राहा. पायाखाली गालिचा नसलेला बरा.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तीनशे व्होल्टच्या वर दाब साठलेला असतो आणि केबल काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. या लेखात एसएमपीएसच्या ज्या चाचण्या आहेत त्या सगळ्या बाहेर आलेल्या वायरींवर करायच्या आहेत.

साधनं थोडीच लागतात: एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, फोटो काढायला मोबाइल आणि शक्यतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचं उपकरण. मल्टिमीटर नसला तरी बरंचसं काम होतं, पण तो असला की अंदाज संपतात आणि आकडे हाती येतात. मी तर म्हणेन, एसएमपीएस विकत घ्यायच्या विचारात असाल तर आधी मल्टिमीटर घ्या.

सॉकेटपासून कॅबिनेटपर्यंत

त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून पाहा. तो चालला तर एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला काढून कॉम्प्युटरची केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर काही यूपीएस मेन्सची वीज असूनही आउटपुट देत नाहीत, आणि एक्स्टेन्शन बोर्डाचा फ्यूज किंवा ओव्हरलोडचं बटण उडालेलं असलं तरी वरचा दिवा कधीकधी लागलेलाच असतो. दिव्यावर विश्वास ठेवू नका.

मग केबल. डेस्कटॉपची पॉवर केबल आणि मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक ठिकाणी सारखीच असते, म्हणून त्यांची अदलाबदल करून पाहणं ही मिनिटभराची चाचणी आहे. केबल एसएमपीएसच्या तोंडात पूर्ण आत गेली पाहिजे. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये ती वाकून हळूहळू बाहेर सरकते आणि वरून पाहताना बसल्यासारखी दिसते.

एसएमपीएसच्या मागे '०' आणि '१' लिहिलेला छोटा स्विच असतो. तो '१' वर हवा. साफसफाई करताना तो नकळत बंद होतो आणि मग तासन्‌तास शोधाशोध चालते. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल सरकता स्विचही असतो. जिथे मेन्सचा दाब २३० व्होल्टच्या आसपास आहे तिथे तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर ठेवून २३० व्होल्ट दिले तर एसएमपीएस आवाज करून जळतो. नव्या एसएमपीएसमध्ये हा स्विच नसतो, कारण ते दोन्ही दाब आपोआप ओळखतात.

इथवर सगळं ठीक असेल तर एक सोपा उपाय करा. केबल काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आणखी एखादं मिनिट थांबा आणि केबल लावून पुन्हा प्रयत्न करा. अनेक एसएमपीएस एकदा दोष जाणवला की बंद अवस्थेत अडकून बसतात आणि मेन्सची वीज पूर्ण तुटेपर्यंत सुटत नाहीत. वीज गेल्या-आल्यानंतर बंद पडलेली कितीतरी मशीनं एवढ्यावरच सुरू होतात. त्याच वेळी प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, सगळी यूएसबी उपकरणंही काढून टाका. यूएसबी पोर्टमधली पिन वाकून शॉर्ट झाली असेल तरी मशीन सुरू होत नाही. म्हणून टॉर्च घेऊन पुढचे-मागचे पोर्ट एकदा आतून बघा.

बंद कॉम्प्युटरमध्येही वीज असते

पुढच्या सगळ्या तपासणीचा पाया इथे आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ.

जुन्या एटी पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये पुढचं बटण थेट मेन्सची वीज चालू-बंद करत असे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं आणि ती पद्धत बदलली. आता पुढचं बटण मेन्सला हातही लावत नाही. ते मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिना क्षणभर जोडतं आणि मदरबोर्ड एसएमपीएसला "सुरू हो" असं सांगतो. पण हे सांगायला मदरबोर्डला आधीपासून थोडी वीज हवी. म्हणून केबल लावलेली आणि मागचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस एका जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट सतत देत राहतो. याला स्टँडबाय वीज म्हणतात. घर झोपलेलं असताना दाराशी जागा असलेला राखणदार म्हणजे ही वीज: तो जागा नसेल तर बाहेरून कितीही हाका मारा, दार उघडायला कोणी येणार नाही.

सुरू होण्याचा क्रम असा आहे. तुम्ही बटण दाबता. मदरबोर्ड हिरव्या वायरीवरचा दाब शून्याजवळ खाली ओढतो. ते पाहून एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे चालू करतो. हे दाब स्थिरावले की ०.१ ते ०.५ सेकंदात राखाडी वायरीवर "वीज ठीक आहे" असा ५ व्होल्टचा इशारा येतो, आणि तो आल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. जांभळी, हिरवी, राखाडी: या तीन वायरी क्रमाने पाहिल्या की साखळी कुठे तुटली ते कळतं.

मल्टिमीटर नसेल तर स्टँडबाय वीज डोळ्यांनी पाहता येते का? बऱ्याच वेळा येते. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, केबल लावा आणि बटण न दाबता मदरबोर्डकडे बघा. अनेक बोर्डांवर केबल लावताच एक लहानसा दिवा पेटतो. कधी ऑप्टिकल माउसचा लाल उजेड किंवा नेटवर्क पोर्टचा दिवा दिसतो. दिवा दिसला तर स्टँडबाय वीज आहे, हे नक्की. दिसला नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही बोर्डांवर असा दिवा नसतोच आणि बायोसमध्ये वीजबचतीची सेटिंग चालू असेल तर यूएसबीची वीजही तोडलेली असते.

पॉवर बटणाची परीक्षा

स्टँडबाय वीज आहे आणि बटण दाबूनही काहीच होत नाही, अशा वेळी सर्वांत स्वस्त संशयित म्हणजे खुद्द बटण. हजारो वेळा दाबलं जाणारं ते एक साधं यांत्रिक स्विच आहे. आत अडकतं, झिजतं, त्याची वायर निसटते.

मदरबोर्डच्या खालच्या कडेला, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, पिनांचा एक छोटा गट असतो. पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या वायरी तिथे येतात. त्यांतल्या एका जोडीवर पॉवर स्विच असं लिहिलेलं असतं किंवा बोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्याची आकृती असते. आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. मग केबल काढलेली असताना पॉवर स्विचचा कनेक्टर उपसा, केबल पुन्हा लावा, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना एकमेकींना क्षणभर जोडा. जेमतेम टेकवून लगेच उचला. या पिनांवर दाब अगदी कमी असतो, शॉक बसत नाही. मात्र शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका.

मशीन सुरू झालं, तर बटण किंवा त्याची वायर खराब आहे. नवीन बटण मिळेपर्यंत रिसेट बटणाचा कनेक्टर पॉवर स्विचच्या पिनांवर लावून काम चालवता येतं, कारण दोन्ही बटणं एकाच जातीची असतात. जोडताना दिशेचाही प्रश्न येत नाही.

याच्या उलटही घडतं. बटण आतच दाबलेलं अडकून राहिलं तर मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतं, कारण बटण तेवढा वेळ धरून ठेवलं की मशीन बळजबरीने बंद करण्याचा तोच इशारा असतो. म्हणून "काही सेकंद चालून बंद" या तक्रारीतही ही चाचणी करावी.

आतले कनेक्टर

आता केबल काढून आतल्या जोडण्यांकडे वळा. मदरबोर्डला एसएमपीएसकडून दोन मुख्य जोडण्या येतात आणि दोन्ही आवश्यक असतात. एक २४ पिनांची रुंद जोडणी, बोर्डच्या उजव्या कडेला. दुसरी ४ किंवा ८ पिनांची, प्रोसेसरजवळ, बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. ही दुसरी केबल मोठ्या कूलरमागे लपलेली असते. नव्याने जोडलेल्या मशीनमध्ये ती लावायची राहून जाणं फार सर्रास घडतं. तेव्हा पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसरला वीज नसल्याने पुढे काहीच होत नाही.

२४ पिनांचा कनेक्टर बसवायला जोर लागतो. तो अर्धवट बसलेला असतानाही सरळ दिसतो. त्याच्या एका बाजूला प्लॅस्टिकची पट्टी असते आणि सॉकेटला त्याच बाजूला एक छोटा खाचेचा दात असतो. पट्टी त्या दाताच्या पलीकडे जाऊन अडकली पाहिजे. अंगठ्याने दाबताना शेवटी "टक्" असं जाणवतं. तो टक् आला नाही तर कनेक्टर बसलेला नाही. दाबताना बोर्ड वाकत असेल तर दुसऱ्या हाताने त्याची कड खालून धरा. एकदा पूर्ण काढून पुन्हा बसवा, म्हणजे पिनांवर जमलेला थरही घासला जातो. काढलेला असताना आतल्या पिना टॉर्चने पाहा. एखादं भोक काळवंडलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर मशीनला पुन्हा वीज देऊ नका. तो कनेक्टर तापत होता.

८ पिनांची प्रोसेसरची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची केबल दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्यातला १२ व्होल्टचा आणि ग्राउंडचा (शून्य व्होल्टच्या काळ्या वायरींचा) क्रम उलटा असतो. प्रोसेसरची केबल सहसा ४ अधिक ४ अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी. आकारामुळे एकमेकांच्या जागी ती सहसा जात नाहीत. जात नसेल तर बळजबरी करू नका.

एसएमपीएसची चाचणी

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डला लावलेलाच असू द्या आणि वायरी जिथून आत शिरतात त्या मागच्या बाजूने प्रोब (मीटरच्या वायरींची टोकदार टोकं) आत सारा. काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरीच्या भोकात. लाल प्रोब जांभळ्या वायरीत. मेन्स चालू करा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य दिसलं आणि केबल, सॉकेट, मागचा स्विच सगळं तपासून झालेलं असेल, तर २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा असे दोन्ही कनेक्टर बोर्डपासून सोडवून पुन्हा मोजा. तरीही शून्य असेल तर एसएमपीएस गेला आहे. सोडवल्यावर ५ व्होल्ट परत आले तर बोर्डवर शॉर्ट आहे. एसएमपीएसला उगाच दोष देऊ नका.

आता हिरवी वायर. मशीन बंद असताना तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट असतात. प्रोब तिथेच ठेवून दुसऱ्या कोणाला तरी पॉवर बटण दाबायला सांगा. दाब शून्याजवळ घसरला, म्हणजे बटण आणि मदरबोर्ड दोघांनी आपलं काम केलं आणि निरोप एसएमपीएसपर्यंत पोचला. तरी तो सुरू होत नसेल तर तो खराब आहे किंवा शॉर्टमुळे थांबतो आहे. दाब जागचा हललाच नाही, तर निरोप बोर्डमध्येच अडकला आहे. बटण आधीच तपासलेलं असेल तर संशय मदरबोर्डवर जातो. एवढ्या एका मोजमापाने एसएमपीएस की मदरबोर्ड हा वाद बहुतेक वेळा सुटतो, म्हणून ते करण्याचा आळस करू नये.

मल्टिमीटर नसेल त्यांच्यासाठी क्लिपची चाचणी आहे. मेन्सची केबल काढा, एसएमपीएसचे सगळे कनेक्टर बोर्ड, डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांच्यापासून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या वायरीचं भोक आणि शेजारच्या काळ्या वायरीचं भोक वाकवलेल्या कागदाच्या क्लिपने जोडा. एसएमपीएसला कॅबिनेटचा एखादा पंखा लावून ठेवा. मग क्लिपपासून हात दूर ठेवून मेन्स चालू करा. पंखा सतत फिरला तर एसएमपीएस निदान जिवंत आहे. हल्लीच्या काही एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी भारावर मुद्दाम थांबलेला असतो, म्हणून बाहेरचा पंखा लावायचा. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावरून ओळख पटणार नाही. तेव्हा उत्पादकाची आकृती पाहा किंवा एसएमपीएस तपासण्याचा तयार टेस्टर वापरा. अंदाजाने भोकं जोडू नका.

क्लिपची चाचणी पास होणं म्हणजे एसएमपीएस निर्दोष असल्याचा दाखला नाही. पंखा फिरवायला फार थोडी वीज लागते. क्लिप लावलेली असताना मल्टिमीटरने पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी वायरीवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट आहेत का ते पाहा. राखाडी वायरीवर ५ च्या आसपास यायला हवेत. हे आकडे बरोबर असूनही प्रत्यक्ष भार पडल्यावर एसएमपीएस कोलमडू शकतो. खात्री हवी असेल तर चालू असलेल्या दुसऱ्या मशीनचा, तितक्याच क्षमतेचा एसएमपीएस लावून पाहण्यासारखी चाचणी नाही.

आणखी एक ओळखीचं लक्षण: जुनं मशीन पहिल्या दाबण्याला सुरू होत नाही, केबल लावून थोडा वेळ ठेवल्यावर मात्र होतं आणि दिवसेंदिवस हा वेळ वाढत जातो. असं असेल तर एसएमपीएसच्या आतले, विशेषतः स्टँडबाय भागातले कपॅसिटर वाळत आले आहेत. तो पूर्ण बंद पडायच्या आत बदला.

पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो तेव्हा

इथे शोधायचा असतो शॉर्ट, आणि त्याची पद्धत एकच: ओझं कमी करत जायचं. दर वेळी मेन्सची केबल काढायची, एकच वस्तू सोडवायची, पुन्हा प्रयत्न करायचा. आधी डिस्कांच्या आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या पॉवर केबली, मग ग्राफिक्स कार्ड, मग जादाची कार्डं, मग पुढच्या यूएसबी पोर्टची बोर्डवर येणारी केबल, मग रॅम. ज्या वस्तूला काढल्यावर पंखे सलग फिरू लागतात, दोष तिच्यात किंवा तिच्या केबलमध्ये. दोन वस्तू एकदम काढल्या की हा धागा हातातून सुटतो.

प्रोसेसर, त्याचा कूलर, एक रॅम आणि दोन पॉवर केबली एवढंच उरलं आणि तरीही पंखा अर्ध्या फेऱ्यावर थांबत असेल, तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढा आणि पुठ्ठ्यावर ठेवून सुरू करून पाहा. बोर्ड आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यामध्ये पितळी स्पेसर असतात. चुकीच्या जागी एखादा जादा स्पेसर राहिला किंवा एखादा स्क्रू बोर्डाखाली घरंगळला, तर तो बोर्डच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकून शॉर्ट करतो. बाहेर काढल्यावर बोर्ड सुरू झाला तर कॅबिनेटमध्ये नीट शोधा. बोर्ड स्थिर वीजरोधक पिशवीच्या वर ठेवून चालवू नका, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहू देऊ शकतो.

बोर्ड हातात आहेच तर कपॅसिटर पाहून घ्या. नळकांड्यासारखे दिसणारे, डोक्यावर खाच असलेले. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी ओघळ असेल तर तो गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांत सदोष कपॅसिटर बसले होते आणि ते मोठ्या संख्येने असेच फुगले. नव्या बोर्डांवर घन प्रकारचे कपॅसिटर असतात, ते सहसा फुगत नाहीत. प्रोसेसरच्या भोवतालच्या पॉवर भागात जळाल्याची काळी खूण किंवा वास असेल तर पुढे तपासत बसण्यात अर्थ नाही, बोर्ड दुरुस्तीला द्या.

पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला, ते आधी पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असतं, त्यांत ग्राफिक्स नसतंच. त्यामुळे कार्ड काढून बोर्डच्या पोर्टवर डिस्प्ले शोधण्यात अर्थ नाही.

मग रॅम. सगळ्या पट्ट्या काढा, एकच पट्टी बसवा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट योग्य, मॅन्युअलमध्ये खात्री करा. पट्टीचे सोनेरी पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मऊ खोडरबरही चालतो, पण हलक्या हाताने, आणि कण झटकून टाका. दोन्ही टोकांच्या क्लिपा बसेपर्यंत दाबा. एकेक पट्टी, एकेक स्लॉट असं फिरवून बघा.

डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम नव्याने बसवल्यानंतर किंवा बायोस रिसेट केल्यानंतर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवणी करतो आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो. या काळात वैतागून बटण दाबत राहिलात तर जुळवणी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. दहा-पंधरा मिनिटं शांत थांबा.

बोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार लहान दिवे असतील तर जो दिवा अडकून राहतो तिथे दोष शोधा. दिवे नसतील तर बोर्डवरच्या पिनांना छोटा स्पीकर लावून बीप ऐका. बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून आपल्या बोर्डच्या मॅन्युअलमधलीच यादी पाहा. शेवटी मेन्स काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ पदावर येतील. हा सेल ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. पण मशीन डेड असण्याचं कारण हा सेल क्वचितच असतो.

मशीन काही सेकंद चालून बंद होत असेल तर कूलर हलवून पाहा. तो डुगडुगत असेल, त्याची एखादी खुंटी निसटली असेल किंवा पंख्याची वायर बोर्डला लावलेली नसेल, तर प्रोसेसर लगेच तापतो आणि बोर्ड मशीन बंद करतो.

एसएमपीएस बदलायचाच असेल तर

नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. डब्यावरच्या तक्त्यात १२ व्होल्टला किती अँपिअर मिळतात ते पाहा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही त्याच पुरवठ्यावर चालतात. १२ ला अँपिअरने गुणलं की खरी उपयोगाची क्षमता कळते.

जुन्या मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली नव्याला कधीही लावू नका. डिस्कच्या बाजूचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एवढा वेळ सुखरूप राहिलेली डिस्क आणि तिच्यातला डेटा एका क्षणात जातो. एसएमपीएसबरोबर केबलीही सगळ्या बदला.

मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये अनेकदा एसएमपीएसचा आकार आणि कनेक्टर वेगळेच असतात, कधी २४ च्या जागी ६, ८ किंवा १० पिना. वर सांगितलेले रंग आणि क्लिपची चाचणी तिथे लागू पडेलच असं नाही. अशा काही मशीनांच्या एसएमपीएसवर मागच्या बाजूला एक छोटं तपासणीचं बटण आणि हिरवा दिवा असतो. सगळे कनेक्टर सोडवून ते दाबल्यावर दिवा लागला तर एसएमपीएस ठीक.

इतकं करूनही उलगडा झाला नाही तर मशीन दुरुस्तीला देताना डिस्क काढून आपल्याजवळ ठेवा. विजेचा दोष शोधायला तिची गरज पडत नाही. आणि सुरुवातीला लिहिलेला कागद बरोबर द्या: लक्षण काय, स्टँडबाय ५ व्होल्ट आहे की नाही, बटण दाबल्यावर हिरव्या वायरीवरचा दाब पडतो की नाही, काय काय सोडवून पाहिलं. हे आकडे समोर असले की दुरुस्ती करणाऱ्याला सरळ मुद्द्याचा भाग उघडता येतो, आणि "मदरबोर्ड गेला" असं नुसतं सांगितलं गेलं तर "कशावरून?" हे तुम्हाला विचारता येतं.